आवडलेलं कॉलेज चौथ्या नंबरावर

पंपाच्या कारखान्यात बावीस वर्षं खरेदी विभाग सांभाळलेल्या माणसाला चार कॉलेजं निवडणं म्हणजे हातचा मळ! निदान खरेदीसाहेबांचं तरी तसं ठाम मत होतं. त्यांना सगळे याच नावाने ओळखत. बायकोसुद्धा तेच म्हणे, फक्त तिचा सूर वेगळा असे.

लेकीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे काही काल सुचलेलं खूळ नव्हतं. सातवीत असताना तिने शेजारच्या बोक्याचा मोडलेला पाय फूटपट्टीला बांधून बरा केला होता. बोक्याने उपकार स्मरून साहेबांना ओरबाडलं, ते सोडा. तिच्या यादीत सतरा कॉलेजं होती. अर्ज सगळ्यांना मिळून एकच, पण त्यात जितकी कॉलेजं भराल तितकी फी. साहेबांनी खर्च मंजूर केला चार कॉलेजांचा.

"बाबा, पाच करा ना!"

"मंजुरी चारची आहे."

"पण मंजुरी देणारे तुम्हीच ना?"

"म्हणूनच तर ती बदलत नाही!"

मग छाटणी सुरू झाली. दोन कॉलेजं फोन उचलत नाहीत म्हणून बाद. एकाचं माहितीपुस्तक फारच गुळगुळीत कागदावर छापलेलं. "हा कागद कोणाच्या पैशाचा? आपल्याच!" असं म्हणून तेही बाद. आणखी एका कॉलेजाच्या कारकुनाला साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांची फी एकदम भरली, तर किती सोडाल?" कारकुनाने फोन सोडला. बाद!

अशी गळती होत होत चार उरली. पहिलं लेकीचं लाडकं, नदीकाठचं. त्याचं स्वतःचं जनावरांचं इस्पितळ होतं, आणि फी साहेबांच्या ऐपतीत, जरा ओढूनताणून, बसत होती. मधली दोन बरी होती. चौथं माळावरचं, निव्वळ स्वस्त म्हणून यादीत शिरलेलं. तिथे शिकायला जनावर म्हणाल तर प्लास्टरची एक गाय होती, आणि तिलाही पाय तीनच.

लेकीने क्रम कागदावर लिहून दिला. "बाबा, अगदी असाच भरा हं." पैसे साहेबांच्या खात्यातून जाणार म्हणून अर्जही साहेबच भरणार होते, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.

तिथेच घात झाला. अर्जात 'पसंतीक्रम' असा रकाना दिसला आणि साहेबांच्या अंगातला खरेदी विभाग खडबडून जागा झाला. आवडलेला माल विकणाऱ्याला कधी कळू द्यायचा नसतो! कळला की भाव चढलाच! नदीकाठच्यांना आपण चौथ्या नंबरावर आहोत हे दिसू दे, मग बघा, फीत सवलत घेऊन कसे धावत येतात ते! साहेबांनी माळावरचं कॉलेज पहिलं टाकलं, नदीकाठचं चौथं, आणि मोठ्या समाधानाने डबा उघडला.

धावत कोणी आलं नाही. पंधरा दिवसांनी लेकीच्या फोनवर निरोप मात्र आला.

"बाबा, पहिली पसंती मिळाली!" ती खुर्चीवरून उठलीच. मग पुढची ओळ वाचून हळूहळू पुन्हा बसली. "बाबा... हे माळावरचं आहे."

"अहो," बायकोचा सूर अगदी मऊ झाला. ही धोक्याची खूण होती. "काय केलंत?"

साहेबांनी बोलणीतला डावपेच नीट समजावून सांगितला. सांगताना त्यांच्याच कानाला तो बरा लागेना. लेक ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती म्हणाली, "मी तुमच्यावर सोडलं होतं, बाबा." आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बापलेक प्रवेश कार्यालयाच्या खिडकीशी हजर.

"पहिली पसंती मिळाली म्हणून तक्रार?" खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "लोक चौथी मिळाली म्हणून रडतात हो!"

"आम्हाला चौथीच हवी आहे," साहेब म्हणाले.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

उपाय एकच होता. मिळालेली जागा सोडायची आणि दुसऱ्या फेरीत नव्याने अर्ज भरायचा, अर्थात फीसुद्धा नव्याने! साहेबांनी पाकीट उघडलं. महिनाअखेर होती. पैसे निघाले एका कॉलेजापुरते. सतराची चार करायला महिना घालवलेल्या माणसाची यादी एका मिनिटात एकावर आली!

लेकीने एकच नाव भरून अर्ज आत सरकवला. बाईंनी गुण पाहिले. "हिला तर हे पहिल्याच फेरीत मिळालं असतं! असो. दोन जागा आहेत अजून, हिच्या पुढे कोणी नाही. मिळून जाईल. पण एकच कॉलेज? दुसरी पसंती?"

लेकीने बापाकडे पाहिलं. बावीस वर्षांत जे एकाही विक्रेत्यासमोर तोंडातून निघालं नव्हतं, ते साहेब भर रांगेत, खिडकीत तोंड घालून बोलले.

"दुसरी नाही. आम्हाला हेच पाहिजे. फीत एक पैसा सोडू नका, पण हेच पाहिजे!"

बाईंनी धप्पकन शिक्का मारला.

"मग हे पहिल्यांदाच लिहायला काय झालं होतं?"