निर्णायक सामन्यापूर्वी देऊळघाटची बाजू

लोकशाहीत कोणत्याही प्रश्नाचा निकाल लागण्यापूर्वी त्याची बाजू मांडली जाणं अत्यंत आवश्यक असतं. निकाल लागल्यावर बाजू मांडण्यात अर्थ नाही, कारण तोपर्यंत कोण बरोबर होतं हे कुणालाही कळू शकतं. खरी बुद्धी लागते ती निकालाच्या आधी. देऊळघाटात अशी बुद्धी एकाच माणसाकडे होती, आणि एकाच माणसाकडे होती याबद्दल गाव देवाचे आभार मानत असे.

या माणसाचं नाव इंद्रभानभाऊ. घरची शेती, दोन बैल, बायको जनकाबाई आणि लग्नाला आलेली मुलगी कला, असा त्यांचा सुखी संसार होता. तो सुखी होता असं ते स्वतः सांगत. जनकाबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली असतील. नव्या राज्यातल्या तरुणांनी मैदानी खेळ खेळावेत असं वरून ठरलं, आणि वरून ठरलेली गोष्ट खाली यायला लागतो तेवढा वेळ लागून ती जिल्ह्यात आली. ताबडतोब एक ‘मैदानी खेळ उत्तेजन व नियमन समिती’ स्थापन झाली. (आधी उत्तेजन द्यायचं की आधी नियमन करायचं, यावर समितीच्या पहिल्या काही बैठका खर्ची पडल्या.) समितीनं फुटबॉलमध्ये पहिल्या येणाऱ्या संघासाठी बक्षीस म्हणून एक ढाल जाहीर केली.

देऊळघाटात फुटबॉल आणला तो दयाराम हवालदारांनी. पलटणीतून घरी येताना लोक ट्रंक आणतात, घोंगडी आणतात. हवालदारांनी हवा काढलेला चेंडू आणला आणि गावातल्या पोरांना खेळाचे नियम शिकवले. नियम पोरांना आवडले, पण मैदान आवडलं नाही. मैदानाच्या एका टोकाला लिंबाचं झाड होतं आणि दुसऱ्या टोकाला नुसतं ऊन. त्यामुळे देऊळघाटचे अकराही खेळाडू, त्यांच्यात स्वतः खेळणारे हवालदारही, लिंबाखालच्या गोलासमोर उभे राहू लागले आणि तिथून हलेनात. पुढे सवयच झाली. झाड नसलेल्या मैदानावरही ते गोलासमोरच उभे राहत. मध्यभागी गोलरक्षक निवृत्ती. देहानं एवढा रुंद की, त्याच्या मागे गोल आहे हे समोरच्या संघाला सांगावं लागे.

या पद्धतीमुळे देऊळघाटवर एकही गोल झाला नाही. देऊळघाटनंही कुणावर केला नाही. सगळे सामने शून्य-शून्य झाले, दुसरबीड गावच्या संघाविरुद्धचासुद्धा. मलकापूरचा संघ मात्र काही सामने जिंकला, काही हरला, आणि समितीनं बेरीज केली तेव्हा दोघांचे गुण सारखे निघाले. ढाल कुणाची हे ठरवण्यासाठी बुलढाण्याला निर्णायक सामना खेळावा, असा आदेश निघाला.

इथून इंद्रभानभाऊंचं कार्य सुरू होतं.

ते स्वतः कधी फुटबॉल खेळले नव्हते. (चेंडू एकदा त्यांच्या अंगावर आला होता. तो अनुभव त्यांना पुरेसा वाटला.) पण आपला संघ का जिंकणार हे त्यांना जितकं स्पष्ट दिसत होतं, तितकं खुद्द हवालदारांनाही दिसत नव्हतं. सकाळी उत्तमरावांच्या चहाच्या हॉटेलात, दुपारी एसटीच्या थांब्यावर, संध्याकाळी मारुतीच्या पारावर ते संघाची बाजू मांडत.

“आपल्यावर आजलोक एकबी गोल झाला नाही,” ते म्हणत. “ज्याच्यावर गोल होत नाही तो हरत नाही. आन् जो हरत नाही तो कोन?”

“बरोबरीत राह्यलेला,” गिलास पुसता पुसता उत्तमराव म्हणाले.

असल्या अडाणी शंकांना इंद्रभानभाऊ किंमत देत नसत. देऊळघाटनं आजवर गोल का केला नाही, तर गरज पडली नाही म्हणून. मलकापूरनं का केले, तर त्यांना आपल्या बचावावर भरवसा नाही म्हणून. मलकापूरच्या खेळाडूंच्या पायात बूट असतात, यावरून त्यांच्या पायांबद्दल काय ते समजून घ्यावं. शिवाय ते रेल्वेच्या गावचे. गाडी आली की त्यांचं लक्ष तिकडे जातं. बुलढाण्याला रेल्वे नाही हे कुणी लक्षात आणून दिलं, तर भाऊ म्हणत की मग त्यांना करमणार नाही आणि ते आणखी वाईट खेळतील.

एसटीचा कंडक्टर घंटी मारायला विसरेपर्यंत त्यांनी एकदा त्याला हे समजावलं. गाडी निघाली तेव्हा भाऊ पायरीवर होते. ते बोलत बोलत पुढल्या गावापर्यंत गेले आणि बोलण्यासारखं कुणी भेटेना म्हणून चालत परत आले.

या काळात गावात एक ढोबळ पाहणी झाली असती, तर असं आढळलं असतं की भाऊंचं म्हणणं शंभर टक्के लोकांना पटलेलं आहे, आणि पूर्ण ऐकलेलं कुणीच नाही. कारण अर्ध्यातच पटल्याखेरीज उठता येत नसे.

सर्वांत मोठी अडचण जनकाबाईंची होती. कलासाठी दुसरबीडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा मास्तर, स्वभावानं शांत. पाहुणे होकाराची वाट पाहत होते. जनकाबाई ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर घालण्याचा प्रयत्न रोज करत, पण त्यांचं वाक्य आजवर शेवटापर्यंत पोचलं नव्हतं.

“दुसरबीडच्या पाहुण्यायले काय कळवू?” एकदा ताट वाढून त्यांनी विचारलंच.

“पोरगा कोन्या जागी खेळते?”

“तो खेळत नाही. शाळा शिकवते.”

“मंग त्याले आपल्या संघाचं काय समजन?” असं म्हणून भाऊंनी दुसरबीडचा संघ आपल्याविरुद्ध कसा घाबरून खेळला होता ते सांगायला घेतलं. जनकाबाईंनी आमटी वाढली आणि ताट संपेपर्यंत सगळं ऐकून घेतलं. भाऊंनी आणखी भाकरी मागितली तेव्हा त्या उठून आत निघून गेल्या.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात हॉटेलात तो प्रसंग घडला. उत्तमरावांनी सहज विचारलं, “आन् हरले तं?”

इंद्रभानभाऊ उभे राहिले. देवळाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. “हरलो तं मी जल्मात फुटबॉलचं नाव काढनार नाही.”

 कुणी कपात फुंकर मारेना. उत्तमराव पुढे आले आणि त्यांनी भाऊंसमोर न मागता दुसरा चहा ठेवला.

ही बातमी गावात पसरली, तशी गावावर एक विचित्र नैतिक जबाबदारी येऊन पडली. देऊळघाटचा प्रत्येक रहिवासी अभिमानी होता. ढाल गावात यावी असं प्रत्येकाला मनापासून वाटत होतं. पण ढाल आली तर भिंतीवर गप्प लटकणार, आणि भाऊ काही लटकणार नाहीत, ते बोलणार, पुढल्या पिढ्यांनाही सांगणार, हे दृश्य ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे आलं. लोक एकमेकांना “जिंकलंच पाह्यजे” असं म्हणत, पण म्हणताना दुसरीकडे बघत. संघाच्या सरावाला हवालदार म्हणाले, “फौजेत हुकूम असते तसं खेळा लागते. आज हुकूम काय हाये, थेच मले समजून नाही राह्यलं.”

जनकाबाई परसातली चार वांगी घेऊन शेजारी निवृत्तीच्या घरी गेल्या. निवृत्तीची बायको सत्यभामाबाई चुलीपाशी होती. जनकाबाई फुटबॉलबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसरबीडचे पाहुणे सामन्यापर्यंत थांबणार आहेत आणि नंतर दुसरीकडे बघणार आहेत, एवढंच त्यांनी सांगितलं. कलाला त्या मुलाचा फोटो आवडला आहे, हेही सांगितलं, आणि डोळे पुसून घरी गेल्या.

जेवताना सत्यभामाबाईंनी हे निवृत्तीच्या कानावर घातलं. निवृत्तीचा घास हातात राहिला.

“म्हंजे मी काय करू?”

“मी कुठं काय म्हनलं? तुमी जेवा.”

निवृत्ती जेवला, पण नेहमीच्या मानानं कमी. (तरीही दोघांचं.) साधा माणूस तो. चेंडू आला की अडवायचा, एवढंच त्याला येत होतं, आणि आपल्याला एवढं तरी येतं याचा त्याला आनंद होता.

सामन्याच्या दिवशी सगळं देऊळघाट बैलगाड्यांनी आणि पायी बुलढाण्याला आलं. बायका मैदानाच्या एका कडेला बसल्या. मलकापूरचा संघ बूट घालून उतरला, आणि देऊळघाटचा संघ उतरून थेट आपल्या गोलासमोर जाऊन उभा राहिला. पंचांनी शिट्टी वाजवली आणि इंद्रभानभाऊंनी बाजू मांडायला सुरुवात केली.

त्या दिवशी ते फार सुंदर बोलले. मलकापूरचे दोन खेळाडू खेळ सोडून रेषेपाशी येऊन ऐकू लागले, तेव्हा पंचांना त्यांना आत हाकलावं लागलं. मध्यंतराला मलकापूरचा कप्तान जानराव स्वतः आला आणि त्यानं अदबीनं विचारलं, की निकाल इतका नक्की असेल तर दुसरा अर्धा खेळ खेळायची गरज आहे का. भाऊंनी मोठ्या मनानं सांगितलं की खेळा, पोरांना अनुभव येईल.

दुसरा अर्धाही तसाच चालला. मलकापूरनं चेंडू मारावा आणि तो देऊळघाटच्या कुणाच्या तरी पाठीवर, पोटावर, डोक्यावर आपटून परत यावा. शून्य-शून्य होणार असं दिसू लागलं. भाऊंच्या चेहऱ्यावर तेज चढलं. सामना पुन्हा खेळवला जाईल, आणि तोपर्यंत आणखी पंधरवडा बोलायला मिळेल, हे त्यांच्याइतकंच गावानंही ओळखलं.

तेवढ्यात जानरावानं चेंडूला लाथ मारली. ती नेमकी बसली नाही. चेंडू हवालदारांच्या टाचेला लागला, त्यातला जोर गेला आणि तो गडगडत निवृत्तीकडे निघाला. इतका हळू, की तो अडवावा असा ठराव एखाद्या समितीला मांडून मंजूर करता आला असता.

निवृत्तीनं चेंडूकडे पाहिलं. मग प्रेक्षकांकडे पाहिलं. उत्तमराव आकाशाकडे बघत होते. बायकांमध्ये जनकाबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर सावरला. त्यांच्यामागे कला मान खाली घालून बसली होती.

निवृत्तीनं उजवा पाय उचलला आणि तळव्यातला काटा पाहू लागला. (मैदानावर गोखरूचे काटे होते, ही गोष्ट खरी आहे. त्याच्या पायात एखादा होता का, हे तेव्हा कुणी तपासलं नाही.) चेंडू पायाखालून गेला, रेषा ओलांडून आणखी थोडा गेला आणि थांबला.

सगळं देऊळघाट एका सुरात “अरेरे” म्हणालं. आधी तालीम केल्यासारखं.

सामना संपला. मलकापूरवाल्यांना आनंद करायला जरा वेळ लागला, कारण आपण जिंकू शकत नाही हे त्यांना नुकतंच पटलं होतं. इंद्रभानभाऊ सावकाश मैदानात शिरले. लोकांनी वाट दिली. ते निवृत्तीसमोर उभे राहिले, त्यांचं तोंड उघडलं, आणि सगळं गाव त्यांच्याकडे बघू लागलं. पण शब्द आला नाही. त्यांनी निवृत्तीच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या पायाकडे पाहिलं, आणि खाली वाकून त्याचा तळवा स्वतः तपासला. मग आपल्या उपरण्यानं त्यावरची माती पुसली आणि ते निघाले. सगळ्या गाड्यांच्या मागे, धुळीतून, एकटे चालत ते देऊळघाटला आले. निवृत्ती गाडीत बसून रडला. लोकांनी त्याला समजावलं की हरल्याचं दुःख होतंच.

इंद्रभानभाऊंनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्यांनी पावसापाण्याबद्दल विचारलं आणि चहा पिऊन उठले. घरी जनकाबाईंनी दुसरबीडच्या पाहुण्यांचा विषय काढला. भाऊ त्यांच्याकडे बघत शांत बसले. मधे कुणी तोडत नाही याची जनकाबाईंना इतकी सवय नव्हती, की वाक्याचा शेवट काय ठरवला होता तोच त्या विसरल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. भाऊंनी सगळं ऐकलं. “पोरीले पसंत हाये ना?” एवढंच विचारलं आणि होकार कळवायला सांगितलं.

गावाला जी शांतता हवी होती ती मिळाली. ती साधारण आठवडाभर टिकली. मग एका सकाळी उत्तमराव गिलास पुसता पुसता म्हणाले, “खरं पाह्यलं तं तो गोलच नव्हता. चेंडू मारला कुठं? तो तं आपल्या आपन आला.”

झालं. एकानं वाऱ्याची दिशा काढली, दुसऱ्यानं पंचांचं गाव. हवालदारांनी आपल्या टाचेची बाजू मांडली. पंधरा दिवसांत असं ठरलं की सामना देऊळघाटनंच जिंकला होता, फक्त मलकापूरनं एक गोल जास्त केला. पूर्वी एक माणूस बोलत असे आणि गाव ऐकत असे. आता गाव बोलत होतं आणि ऐकायला इंद्रभानभाऊ एकटे उरले होते. ते कुणालाच मधे तोडत नसल्यामुळे लोक त्यांच्याकडे रांग लावून येत.

कलाचं लग्न वैशाखात थाटात झालं. दोन्ही गावच्या पंगती बसल्या आणि वांग्याच्या भाजीवर हात पडायच्या आधीच चर्चा निवृत्तीच्या पायावर आली. निवृत्ती पाणी वाढत होता, तो तांब्या ठेवून मांडवाबाहेर गेला. शेवटी नवरदेवानं, त्या शांत स्वभावाच्या मास्तरानं, सासऱ्यांनाच विचारलं.

“मामाजी, तुमी तिथंच होते. त्यानं पाय काऊन उचलला?”

 हातात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं टोपलं घेऊन इंद्रभानभाऊ उभे होते. त्यांच्या ओठांची हालचाल पहिल्या पंगतीतल्या लोकांना स्पष्ट दिसली. त्यांनी एकवार मुलीकडे पाहिलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “आखीन एक रोडगा घ्या.”

वाचकहो, देऊळघाट आपण पाहिलेलं नसेल. ती ढाल पुढे कुठे गेली, हे समितीलाही ठाऊक नाही. त्या सामन्याशी आपला, आपल्या घराण्याचा किंवा आपल्या तालुक्याचा काडीचाही संबंध नाही. तरीसुद्धा निवृत्तीनं तो चेंडू अडवायला हवा होता की नको, याबद्दल आपलं एक ठाम मत आत्ता झालेलं आहे, आणि ते सांगण्यासाठी घरात कोण मोकळं बसलंय हे आपण मान वर करून बघत आहात.

सांगा, अवश्य सांगा. जनकाबाईही ऐकून घेत असत.