अकराव्या मजल्यावरची समाधानकारक परिस्थिती

लिफ्ट बंद पडून एकेचाळीस दिवस झाले होते आणि दहाबोच्या रागालाही तेवढेच. सकाळी कामावर जाताना अकरा मजले उतरायचे, संध्याकाळी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यातून पाय ओढत येऊन अकरा चढायचे आणि प्रत्येक मजल्यावर, इमारत ज्यांची त्या सरकारी घरखात्यातल्या एकेका माणसाचा उद्धार करायचा, असा तिचा क्रम होता. सातव्या मजल्यापर्यंत माणसं संपायची. मग ती त्यांच्या आईबापांकडे वळायची.

स्वतःचं ती कसंही निभावत होती. प्रश्न आईचा होता. एब्ला म्हातारी ब्याऐंशी वर्षांची, कमरेचं हाड एकदा मोडून जोडलेलं. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये एकदा बर्फ धरलं की म्हातारी माणसं पाच महिने घरात कोंडली जातात. म्हणून दरवर्षी त्याआधीचे शेवटचे उन्हाचे दिवस ती खाली, दारासमोरच्या बाकावर बसून काढायची. कोणाची सून माजली, कोणाचा मुलगा नाव काढेल, सगळे निकाल तिथंच लागायचे. यंदा ऑक्टोबर निम्मा सरला तरी म्हातारी अकराव्या मजल्याच्या खिडकीतून खालच्या माणसांची डोकी बघत होती.

"आज चालू झाली का गं?" ती रोज विचारायची.

"नाही."

"अल्हम्दुलिल्लाह. उद्या होईल."

हे शांत 'अल्हम्दुलिल्लाह' ऐकलं की दहाबोच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरखात्यावर राग काढता येत होता, देवाचे आभार मानणाऱ्या आईवर कसा काढणार?

अशात रहिवासी समितीचा चिटणीस वारसमे बातमी घेऊन आला. हा दारातून वाकूनच आत यायचा, म्हणून सगळी इमारत त्याला तोंडावर लांब्या म्हणायची. सोमाली माणूस टोपणनाव ठेवताना कोणाची भीड ठेवत नाही.

"यंदा एकच नवी लिफ्ट आहे घरखात्याकडं," लांब्या म्हणाला. "आपल्याला नाहीतर पलीकडच्या लायबेरियन लोकांच्या इमारतीला. त्यांचीही बंदच आहे. तर आता तुलना होणारेय."

"कसली तुलना?"

"आफ्रिकेतून आलेल्या सगळ्यांची. सोमाली, लायबेरियन, इथिओपियन, केनियन. कोण काय कमावतं, घरात किती जण, काय खातात, सुखी आहेत का नाहीत. आपल्या रस्त्यावर ज्यांचे हाल जास्त, त्यांना लिफ्ट."

"म्हणजे आम्ही किती भिकारी ते दाखवायचं?"

"दाखवायचं कशाला, आहे ते सांगायचं."

"अरे लांब्या, लिफ्ट मोडलीय ती मोडलीय. मोडताना तिनं आमचा पगार विचारला होता का?"

लांब्या चहा पिऊन, पुन्हा वाकून निघून गेला.

पलीकडच्या इमारतीतली कोर्टो धुलाईखात्यात दहाबोच्याच पाळीला असायची. बारा वर्षं दोघी एकाच चादरीची दोन टोकं धरून घड्या घालत होत्या आणि बारा वर्षं एकमेकींना बढाया ऐकवत होत्या. कोर्टोची भाची नर्स झाली की दहाबोचा पुतण्या दुसऱ्याच दिवशी वकील होण्याच्या बेतात असायचा. त्या आठवड्यात मात्र गाडी उलट्या दिशेनं निघाली.

"आमच्याकडं गरम पाणी फक्त सकाळीच येतं," कोर्टो म्हणाली.

"नशीबवान आहेस. आमच्याकडं तेही येत नाही."

"आमच्या जिन्यात उंदीर आहेत."

"आमचे उंदीर जिन्यात कशाला राहतील? लिफ्ट रिकामीच आहे की."

"माझा मेहुणा तिकडं मास्तर होता. इथं पहाटे विमानतळाच्या फरशा पुसतो."

"माझा दीर मोगादिशूत पूल बांधायचा. इथं गोदामात खोकी उचलतो."

"नवव्या मजल्याच्या वर आमच्या सात म्हाताऱ्या अडकल्यात," कोर्टो म्हणाली आणि चादर ओढली.

इथं दहाबो अडकली. तिच्याकडे एकच होती. "माझी एक तुमच्या सातांना भारी आहे," ती म्हणाली खरी, पण त्या दिवशी दोघी जेवायला वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. बारा वर्षांत असं पहिल्यांदा झालं, आणि ते घरखात्याच्या मोजणीमुळे झालं याचा दहाबोला आणखी राग आला.

शनिवारी घरखात्याची मोजणारी बाई येणार होती. दहाबोनं सकाळीच गालिचा गुंडाळून शेजारच्या उबाहकडे टाकला, सोनेरी काठांचे कप कपाटात घातले, नव्या उशा न्हाणीघरात कोंबल्या. खोटं काही करायचं नव्हतं. पाहुण्यांसाठी जे मांडतो तेवढं मांडायचं नव्हतं. सगळ्या मजल्यांवर तिनं तसा हुकूमच सोडला.

अकरा वाजता केर्स्टिन नावाची सव्वीस वर्षांची मुलगी अकराव्या मजल्यावर पोचली आणि शेवटच्या पायरीवर मटकन बसली. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, छातीचा भाता झालेला. एब्ला म्हातारीनं दारातून डोकं बाहेर काढलं.

"ही कोण गं? पाहुणी दारात बसलीय आणि तुम्ही बघत काय उभ्या राहिल्यात?"

"आई, पाहुणी नाही ती. आपली गरिबी मोजायला आलीय."

"अकरा जिने चढून माझ्या दारात आली ती पाहुणी. काय मोजायचं ते जेवून मोजेल."

"आई, आज नको. आज तेवढं नको."

"दहाबो, तुला मी काय शिकवलं?"

आता पुढचं दहाबोनं केलं की तिच्या हातांनी, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्या पोरीचे कोरडे ओठ तिलाही बघवत नव्हते. वेलची-दालचिनीचा चहा झाला. कप अर्थातच सोनेरी काठांचे निघाले. धुपाटणं पेटलं. उबाह गालिचा खांद्यावर टाकून आली, तिच्या मागून नवव्या मजल्यावरून समोशासारखे संबुसे आले, आठव्यावरून हलवा आला, आणि शेवटी बकऱ्याच्या मटण-भाताचा असा थाळा आला की तो धरायला दोघी लागल्या. केर्स्टिननं भातासोबतचं केळं गोड म्हणून बाजूला काढून ठेवलं, तर म्हातारीनं स्वतःच्या हातानं ते सोलून तिच्या भातावर ठेवलं आणि खूण केली, असं खातात.

"घरात पुरेसं खायला असतं का?" केर्स्टिननं तोंडात मटण असताना विचारलं. प्रश्न लिहून आणला होता, विचारणं भाग होतं.

दहाबोनं प्रश्न आईला सांगितला. म्हातारी म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह, कशालाच कमी नाही."

"ती म्हणते, फार ओढाताण होते," दहाबोनं केर्स्टिनला सांगितलं.

"लिफ्ट नसल्यामुळं त्रास होतो का?"

"अल्हम्दुलिल्लाह, कसलीच अडचण नाही," म्हातारी म्हणाली. परक्या माणसापुढे, तेही तो आपल्या ताटात जेवत असताना, रडगाणं गायचं म्हणजे देवाच्या तोंडावर त्याची चूक काढण्यासारखं, असं तिचं मत होतं.

"ती म्हणते, अतोनात त्रास होतो."

पण म्हातारी या देशात चोवीस वर्षं राहिली होती. इंग्रजीतले सहा-सात शब्द तिला येत होते आणि 'त्रास' हा त्यातलाच एक होता. तिनं लेकीकडे डोळे वटारून पाहिलं, केर्स्टिनचा हात धरला आणि तिला येत असलेलं सगळं इंग्रजी एकदम वापरून सांगितलं, की छान, फार छान, त्रास नाही, खा. केर्स्टिननं हसून तसं लिहून घेतलं.

रविवार सोडून तीन दिवसांत तिनं अडतीस घरं केली. हुकूम अकराव्या मजल्यावरच मोडला म्हटल्यावर खालच्यांनी तरी का पाळावा? आपल्या घरात पाहुणीला कमी पडलं, असं कोणाला ऐकून घ्यायचं होतं? दहाबोचा लाल गालिचा जिन्यानं एक मजला पुढे पळत होता आणि केर्स्टिन त्याच्या मागून जेवत जेवत उतरत होती. तिसऱ्या दिवशी शेवटचा हलवा खाऊन निघालेली ही जड झालेली पोर चौथ्या मजल्यावर पायरी चुकली आणि तिचा गुडघा मुरगळला. तिला सहा जणींनी उचलून, शेक देऊन, डबा बांधून पाठवलं.

दोन आठवड्यांनी निकालाचं पत्र इमारतीच्या दाराला चिकटलं. सोमाली समाज : परिस्थिती समाधानकारक, आहार उत्तम, घरोघरी लाल गालिचे. लायबेरियन समाज : परिस्थिती समाधानकारक, पोशाख उत्तम. पलीकडे केर्स्टिन मधल्या रविवारी गेली होती, चर्च सुटल्यावर. माणसं लेसच्या झग्यांत, बायकांच्या डोक्यावर हातभर उंच फेटे. कोर्टोनंही आदल्या दिवशी बजावलं होतं, की जुने कपडे घाला. देवाच्या घरी जुने कपडे घालून कोण जाणार, असं सातही म्हाताऱ्यांनी वरूनच फोनवर ऐकवलं होतं, आणि खिडकीतून प्रार्थनाही लेस घालूनच केली होती. खाली शेवटची ओळ होती, 'तुलनेअंती दोन्ही समाजांत तातडीची गरज आढळली नाही. लिफ्टचा विचार पुढील वर्षी होईल.'

दहाबो आणि कोर्टो त्या दिवशी एकाच बाकावर जेवल्या आणि पाळी संपताच घरखात्यात जाऊन धडकल्या. तिथला साहेब सभ्य होता. इतका सभ्य, की त्याच्यावर ओरडायची लाज वाटावी. दहाबोला वाटली नाही.

"आम्ही तुमच्या भावना समजू शकतो," तो म्हणाला.

"भावना नका समजू, लिफ्ट समजा," दहाबो म्हणाली. "पाहुणीला जेवू घातलं ही आमची चूक? हिनं चांगले कपडे घातले ही हिची चूक? तुमच्या दारात यायचं तर आम्ही फाटकं नेसून, उपाशी पोटी, रडत यायचं का? तेही एकमेकींपेक्षा जास्त रडत? बाजारात टोमॅटो निवडतात तसं आम्हाला निवडताय तुम्ही, आणि तेही नासका कोणता ते बघायला."

साहेबानं मान हलवली, काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, "फेरपाहणी करता येईल. फक्त आमच्या कर्मचारी बाईंच्या गुडघ्याला दुखापत झालीय. त्या जिने चढू शकणार नाहीत. तेव्हा रहिवाशांनी खाली यावं. जे येणार नाहीत, त्यांची नोंद होणार नाही."

"ज्यांना खाली येता येत नाही, त्यांच्यासाठीच लिफ्ट मागतोय आम्ही."

"बरोबर. तेच त्यांनी खाली येऊन सांगावं."

कोर्टोनं दहाबोचं कोपर घट्ट धरलं, म्हणून पुढचं काही घडलं नाही.

गुरुवारी दोन्ही इमारतींच्या मधे टेबल मांडलं गेलं. कोर्टोचे दोन मुलगे, लांब्या आणि दहाबोचा दीर अशा चौघांनी एब्ला म्हातारीला खुर्चीत बसवून अकरा मजले खाली आणलं. लांब्याच्या उंचीमुळे खुर्ची एका अंगाला कलत होती आणि म्हातारी प्रत्येक मजल्यावर थांबवून दाराआडच्या बायकांना तब्येती विचारत होती. खाली पोचेपर्यंत चौघं घामानं निथळले. म्हातारीला बाकावर टेकवलं. ऊन होतं. तिनं चेहरा वर करून डोळे मिटले. असा साधा उन्हाचा तुकडा मिळवायला चार माणसं लागावीत, याची दहाबोला चीड आली.

केर्स्टिन कुबडी टेकत आली. म्हातारीनं आधी तिच्या गुडघ्याची चौकशी केली, मग प्रश्न सुरू झाले.

"लिफ्ट नसल्यामुळं त्रास होतो का?"

"अल्हम्दुलिल्लाह, कसलीच अडचण नाही."

दहाबोनं कपाळाला हात लावला. यावेळी तिनं भाषांतरात काही ढवळाढवळ केली नाही. उपयोग नव्हता.

"चला आजी, वर नेतो," कोर्टोचा थोरला मुलगा म्हणाला. "आम्हाला पाळीला जायचंय."

"जा की बाबांनो. मी कोणाला धरून ठेवलंय?"

"आई, ते गेले तर तुला वर कोण नेणार?" दहाबो म्हणाली.

"वर कोणाला जायचंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी इथं बरी आहे."

मुलांनी दहाबोकडे पाहिलं, दहाबोनं आईकडे. म्हातारीनं शाल नीट अंगाभोवती घेतली. मुलं घड्याळ बघून निघून गेली.

"शेवटचा प्रश्न," केर्स्टिन म्हणाली. "राहण्याचं ठिकाण?"

म्हातारीनं बाकावर थाप मारली. "हे."

"ती म्हणते, हा बाक," दहाबो म्हणाली.

"नाही, म्हणजे घर कुठलं?"

"घर वर आहे ना हिचं," म्हातारीनं ऐकून सावकाश सांगितलं. "माझी लेक राहते तिथं. चांगलं घर आहे, गालिचा आहे. मी इथं राहते. तिथं जायला-यायला जमायला लागलं की जाईन."

दहाबोनं शब्द न शब्द तसाच सांगितला. केर्स्टिनची बोटं थांबली. यादीत अशा माणसांसाठी एकच रकाना होता, 'बेघर', आणि तो भरला की वरच्या कचेरीत त्याच दिवशी कळवावं लागायचं. तिनं साहेबाला फोन लावला.

"ब्याऐंशी वर्षांची बाई आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "बेघर. हो, आपल्याच इमारतीच्या दारात. नाही, तक्रार काहीच नाही. ती म्हणते, सगळं छान आहे."

हे ऐकून कोर्टोनं टेबलाशी उभं राहून मिनिटभर विचार केला आणि रस्ता ओलांडला. तासाभरानं पलीकडच्या जिन्यातून शेजाऱ्यांनी उचललेल्या खुर्चीवर बसून पहिली म्हातारी खाली आली, लेसचा निळा झगा आणि हातभर फेटा घालून. एब्लानं सरकून तिला बाकावर जागा करून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दोघींनी एकमेकींचे हात धरले. वर खिडक्यांत फेटे दिसायला लागले होते.

केर्स्टिनला साहेबाचा पुन्हा फोन आला होता. तिनं तो कानापासून दूर धरून दहाबोला म्हटलं, "साहेब विचारतायत, आई इथं किती दिवस राहणार?"

दहाबोनं आईला विचारलं. म्हातारीनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग इमारतीच्या आतल्या लिफ्टच्या बंद दाराकडे.

"ते त्यांनाच विचार," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."