धुतलेला बनियन

बनियन मशीनमधून पांढराशुभ्र निघाला, तेव्हा दत्तप्रसादने तो उजेडाकडे धरून उलटसुलट करून पाहिला. तो मुळात करड्या रंगाचाच आहे असं गेले कित्येक महिने घरातले सगळे धरून चालले होते. आता तो त्याच्या हातात लोंबत होता आणि त्याला लव्हेंडरचा मंद सुवास येत होता.

त्याचं असं झालं, की सोमवारी भाड्याच्या घराचं इन्स्पेक्शन होतं. मागच्या वेळी एजंटबाईंनी गराजमध्ये नाक वर करून हुंगलं होतं आणि घरात न कळवता कुत्रा पाळलाय का, असं विचारलं होतं. कुत्रा नव्हता. मिहिरची हॉकीची बॅग होती. पण दत्तप्रसाद बँकेत रिस्क विभागात होता, म्हणजे काय काय वाईट होऊ शकतं याचा विचार करायचा त्याला पगार मिळे, आणि हे काम तो घरी फुकटात करी. एजंट, नोटीस, मेलबर्नच्या टार्निट भागात दुसरं घर न मिळणं, मग चौघांचं सामान रस्त्यावर, इथपर्यंत तो शनिवारी सकाळी चहा पिता पिता पोचला. घरात माणसं तीनच होती, पण घाबरलेल्या माणसाला मोजता येत नाही. त्याने उठून बॅगेतले कपडे मशीनमध्ये कोंबले.

आता मिहिरबद्दल सांगायला हवं. हा त्याचा एकुलता एक मुलगा, आइस हॉकीचा फॉरवर्ड. म्हणजे बर्फावर स्केट्स घालून सुसाट पुढे जायचं, चारजणांचे धक्के खायचे आणि तरी गोल करायचा. अशा माणसाला भीती कशाचीच नसावी, असं आपल्याला वाटतं. पण या खेळाडूंइतकी भित्री जात दुसरी नसेल. कुणी डावाच स्केट आधी घालतो, कुणी मॅचआधी ठरलेल्याच माणसाशी बोलतो. मिहिरचा सगळा जीव त्या पूर्ण बाह्यांच्या बनियनमध्ये होता. गोलांचा मोठा दुष्काळ संपून पहिला गोल झाला तेव्हा तो अंगात होता. तेव्हापासून प्रत्येक मॅचमध्ये गोल, आणि तेव्हापासून बनियनला पाणी नाही. बॅगेला कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा होता; घाबरलेल्या बापाला तो आठवला नाही.

आणि आज संध्याकाळी स्वीडनच्या एका व्यावसायिक क्लबचा कोच मिहिरला बघायला स्टेडियममध्ये बसणार होता. खेळ आवडला तर करार. नाही आवडला तर काय, ते दत्तप्रसादच गेली चार वर्षं सांगत होता: "हे थांबव आणि युनिची डिग्री पूर्ण कर."

आज मिहिर नीट खेळला नाही, तर बापाने मुद्दाम धुतला, असंच तो म्हणणार. कोण मानेल की एजंटच्या भीतीने धुतला? खुद्द दत्तप्रसादलाही, रिस्कवाला असल्यामुळे, स्वतःचा थोडा संशय यायला लागला.

त्याने बायकोला, चारुताला फोन लावला. ती नर्स, सकाळच्या शिफ्टला होती.

"चारू, मी बनियन धुतला."

"कुठला बनियन?" तिला कळलं होतं, पण आशा सुटत नाही.

"तोच."

"गरम पाण्यात?"

"साठ डिग्रीला. डेटॉल पण घातलं, दोन झाकणं. आणि ते सुवासाचं लिक्विड."

"दत्ता, मी दिवसभर दिसेल ते निर्जंतुक करते. तरी मी त्या बॅगेला कधी हात लावला नाही. तुलाच बरी स्वच्छता सुचली." मग जरा थांबून ती म्हणाली, "मॅचच्या आधी सांगू नकोस त्याला. मी येतेच."

आता करायचं काय? रंगाचं फारसं कठीण नव्हतं. गार चहाच्या पाण्यात बुचकळून हेअर ड्रायरने वाळवल्यावर बनियन बऱ्यापैकी जुना दिसू लागला. अडलं वासापाशी. त्याने तो बॅगेतल्या हातमोज्यांच्या घडीत दाबून ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं तर हातमोज्यांनाच लव्हेंडरचा वास यायला लागला होता. हिंगाची डबी त्याने उघडली आणि बंद केली. मुलाला बर्फावर आमटीची आठवण यायला नको.

शेवटी एकच उपाय उरला. घामाचा वास घामानेच येणार. दत्तप्रसादने दार लावलं, बनियन अंगात चढवला, पोटापाशी जोर लावून खाली ओढला आणि पळायला निघाला.

पळण्याचा त्याला सराव नव्हता. तरी नव्या वस्तीच्या सगळ्या सारख्या घरांवरून तो धापा टाकत पळाला. पण ऑगस्टमधला मेलबर्नचा वारा, घाम कसला येतो? उलट नाक वाहू लागलं. मग तो दारातल्या गाडीत बसला, काचा बंद केल्या आणि हीटर पूर्ण सोडून डोळे मिटले. काचेवर टकटक झाली. शेजारचा कुमार काळजीने वाकून बघत होता.

"भाईसाब, सब ठीक है ना? भाभी से झगडा हुआ क्या?"

दत्तप्रसादने मान हलवली. घाम आणतोय, असं सांगितलं. कुमारला ते पटलेलं दिसलं नाही. तो अँब्युलन्स बोलावण्याच्या बेतात होता, इतक्यात कोपऱ्यावरून मिहिरच्या मित्राची लाल गाडी वळली. मित्राकडे गेलेला मिहिर लवकर परत आला होता. आणि बनियन बापाच्या अंगात होता.

त्या क्षणी जे पळून झालं नाही, हीटरने झालं नाही, ते झालं. टाळूपासून टाचेपर्यंत दत्तप्रसादला दरदरून घाम फुटला. तो गाडीतून गराजमध्ये कसा गेला हे त्यालाही आठवत नाही. बनियन डोक्यात अडकला, चष्मा त्यातच राहिला, तो शोधून काढला, बनियन बॅगेत कोंबून चेन ओढली. मिहिर आत आला तेव्हा बाप गराजमध्ये उघडाबंब उभा होता.

"यू ओके, बाबा?"

"उकडतंय जरा," दत्तप्रसाद म्हणाला.

मॅच बघायला चारुता आत गेली. दत्तप्रसाद नेहमीसारखा पार्किंगमध्ये गाडीतच बसला. मुलाला कुणी धडकलेलं त्याला बघवत नसे. आतून लोकांचा आरडाओरडा आला की त्याचा जीव वर यायचा, कारण गोल कुणी केला ते बाहेर कळत नाही. चारुताला फोन करायची छाती होत नव्हती. नुसता तो बनियन डोळ्यांसमोर येत होता. लेकराचं आयुष्य आपण साठ डिग्रीला धुतलं, असं म्हणून तो एकटाच रडला. थोडंसंच, पण रडला.

बऱ्याच वेळाने ओल्या केसांचा मिहिर येऊन शेजारी बसला. चारुता अजून आत कुणाशी बोलत होती. बॅग त्याच्या मांडीवर होती.

"बाबा, तू बनियन धुतलास ना?"

दत्तप्रसादने चष्मा काढून पुसला. "हो. पण मुद्दाम नाही रे. शपथ."

"आय नो. अंगात घातला तेव्हाच कळलं. लव्हेंडर होतं, थोडा चहा होता." मिहिर हसला. "आणि बाकी सगळा तूच होतास. लहानपणी पहाटे बर्फाच्या रिंकवर आणायचास, माझ्या लेस बांधायला वाकायचास, तेव्हा यायचा ना, तसाच वास. तू घालून पळालास?"

"गाडीतही बसलो. हीटर लावून."

"मला वाटायचं तुला मी हरायला हवाय. युनिसाठी." मिहिर खिडकीबाहेर बघत राहिला. "मी हरावं असं वाटणारा माणूस एवढा घाम नाही गाळत. मग मी नुसता खेळलो, बाबा. दोन गोल केले. सप्टेंबरमध्ये ये म्हणालाय कोच."

दत्तप्रसादने मुलाच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोकं पुसायला टॉवेल शोधू लागला.

"फक्त एक प्रॉब्लेम आहे," मिहिर म्हणाला. त्याने बॅगेतून बनियन काढून बापाच्या मांडीवर ठेवला. "स्वीडनला सीझन मोठा असतो. जायच्या आधी हा नीट मुरायला हवा. तू रोज पळ."

सोमवारी एजंटबाई आल्या, तेव्हा दत्तप्रसाद नुकताच तीन गल्ल्या पळून आला होता. दार त्यानेच उघडलं. बाईंनी दारातच नाक वर केलं आणि पुन्हा तेच विचारलं, की या घरात एखादा प्राणी आहे का.

"नो पेट," दत्तप्रसाद म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणाची भीती वाटली नाही. बनियन पोटावर ओढून, छाती काढून तो त्यांच्या आणखी जवळ सरकला. "हा वास माझा आहे."

बाईंनी उरलेलं घर बाहेरूनच बघितलं.