माशाला दिवस गेले

मच्छिंद्र खरातांच्या नावातच मासा होता, म्हणून लालमियाँनी आपली काचेची पेटी त्यांच्याच गळ्यात मारली. (मासे पाळण्याशी खरातांचा संबंध एवढाच.) लालमियाँ अंबडच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. भाचीच्या लग्नाला हैदराबादला निघताना ते पेटी घेऊन खरातांच्या घरी आले. आत एंजल माशांची जोडी, आणि अंडी घालायला उभी केलेली एक दगडी पाटी.

"मच्छिंदरभाई, औलाद के जैसा पाला इनको. अंडे देनेवाली जोडी है. बराबर संभालो."

"बिलकुल काळजी करू नका, लालभाई," खरात म्हणाले, आणि तिथंच सगळं बिघडलं.

आठवडा होतो न होतो, तोच एका माशाचं पोट टम्म फुगलं. नर कुठला, मादी कुठली, हे खरातांना कळत नव्हतं. पण पोट तर दिसत होतं!

"अगं, हिला दिवस गेलेत!" त्यांनी बायकोला हाक मारली.

मंग काय, कौतुकाला ऊत आला. उकडलेल्या अंड्याचा बलक, पावाचा चुरा, वर चिमूटभर रवा. नवऱ्याचा जाच नको म्हणून पोटुशीला वेगळ्या बरणीत हलवलं. आणि कचेरीत पेढे वाटले.

"कशाचे हो?" हेडक्लार्क बद्रीनाथरावांनी विचारलं.

"घरात गोड बातमी आहे," खरात लाजत म्हणाले. (लाजायचं काय कारण होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.)

संध्याकाळी त्यांची बायको बेबीनंदा नळावरून आली ती घागर आपटतच. तिचा थोरला औरंगाबादला कॉलेजात होता.

"शेजारची गोजरबाई विचारून राह्यली, कितवा महिना म्हणून! ह्या वयात! काय सांगून आलात कचेरीत?"

"माशाचंच सांगितलं."

"मासा म्हणालात का पण?"

"ते... राह्यलं."

तिनं अबोला धरला. त्यातच पोटुशीनं खाणं सोडलं. तिरकी तरंगू लागली, मागं पांढरी दोरी लोंबायला लागली. लालमियाँ शुक्रवारी येणार होते. खरातांचे वडील आजारी होते तेव्हा ह्या माणसानं दुकान बंद ठेवून उशाशी जागरणं केली होती. आता त्याची औलाद आपण मारली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? खरातांना रडूच फुटलं.

बेबीनंदाला राग धरवेना. तिनं बरणी उजेडात धरली.

"दिवस कसले! पोट तटलंय हिचं. लेकरांची पोटं बघितलीत मी. खाऊ घालून घालून मारून राह्यले तुम्ही तिला."

उपास सुरू झाला. कोमट पाण्यात जरासं जुलाबाचं मीठ, आणि मागाहून उकडून, साल काढून चिरडलेल्या वाटाण्याचा कण. खरात रजा टाकून बरणीपुढं बसले. भर दुपारी एकदम ओरडले, "झाली! झाली!"

भिंतीपलीकडून गोजरबाईंचा आवाज आला, "अगं बाई! इतक्यात? पोरगा का पोरगी?"

"शी!"

पलीकडची खिडकी धाडकन लागली.

बरी झाली म्हणून पोटुशीला पेटीत सोडलं, तर नवरा अंगावरच धावला. शेपूट कुरतडलं की हो तिचं!

"ओळखच विसरला मेला," खरात हबकून म्हणाले.

"घर आता त्याला एकट्याचं वाटून राह्यलंय," बेबीनंदा म्हणाली. तिनं पेटीतले दगड इकडचे तिकडे केले, भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवला आणि फ्रेमची काच पेटीत मधोमध उभी केली. "नुसतं बघू द्या एकमेकांना. मी माहेरून आले की आपलं न्हाई का होत असं?"

काचेला तोंड लावून दोघं एकमेकांना बघत राहिली. गुरुवारी काच काढताना खरातांनी डोळे घट्ट मिटले. उघडून बघतात तर जोडी अंगाला अंग लावून फिरतेय! हुश्श! त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी बायकोचा हातच धरला. (तिनंही थोडा वेळ धरू दिला.)

लालमियाँ आले, तेव्हा पेटीतल्या पाटीवर अंडी पडत होती. "माशाअल्ला!" म्हणत त्यांनी डोळे पुसले. खरातांनी चष्मा चढवून नीट पाहिलं. अंडी बारीक मासा घालत होता, आणि त्यांची पोटुशी नुसती मागं मागं फिरत होती.

"लालभाई, नवरा अंडी घालून राह्यला!"

"वो बेगम है, भाई. मोटेवाला मर्द है."

"म्हणजे बद्धकोष्ठाचे पेढे वाटले म्हणा की!" बेबीनंदा पदरात तोंड घालून हसत सुटली. "अहो, खाऊन पोट फुगवून आडवा पडतो, तो नर. इतक्या वर्षांत मला कळलं, तुम्हाला न्हाई कळलं!"

खरात ओशाळून ढेरीवर हात फिरवत जेवायला बसले. ताटात एकच वाटाणा होता. उकडून, साल काढून.