धडेघर आणि कोंडाबाई

एका जंगलात, मुलांनो, कुठलीही चूक वाया जाऊ देत नसत. चूक झाली की सभा भरे, सभेत धडा निघे आणि तो धडा सागाच्या सुक्या पानावर लिहून ठेवत. ओलं पान कुजतं, म्हणून सुकंच घ्यावं, हाही त्यांचा एक धडाच होता.

लिहिण्याचं काम साळिंदराकडे होतं. त्याच्या पाठीवर लेखण्याच लेखण्या, त्यामुळे त्याची नेमणूक बिनविरोध झाली. अध्यक्ष होता गवा. तो हुशार होता की नाही, हे कोणी तपासलं नव्हतं. पण तो उठून उभा राहिला की बाकीचे आपोआप गप्प बसत. अध्यक्षाला आणखी काय लागतं?

या जंगलाला एकच दुखणं होतं. दर चैत्रात वणवा लागे. वणवा विझला की गवा घसा खाकरून विचारी, "यातून आपण काय शिकलो?" सगळे एका सुरात सांगत, की सुका पाला साठू देऊ नये. साळिंदर ते सुक्या पानावर लिही. मग त्याच्या नकला होत. प्रत्येक बिळाला एक, प्रत्येक ढोलीला एक. उरलेली पानं धडेघरात जात. धडेघर म्हणजे मोहाच्या झाडाखालची मोठी रास. नऊ वर्षांत ती गव्याच्या खांद्याला लागली होती. पाहुणे आले की त्यांना आधी ती दाखवत.

हसताय? तुमच्या शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, ते आधी विचारून या.

मोहापासून जवळच कोंडाबाई नावाची रानकोंबडी राहायची. तिला अक्षरओळख नव्हती. लहानपणी एका वणव्यात तिची आई गेली, आणि तेव्हापासून तिच्या पायांना एक सवय लागली. रोज सकाळी घरट्याभोवती फिरायचं आणि पाला उकरून लांब फेकायचा. चांगली दहा हात जमीन उघडी पडेपर्यंत. त्यात किडे मिळत, पोटही भरे. यंदा घरट्यात सहा अंडी होती, त्यामुळे ती जरा जास्तच उकरत होती.

धडेघराची रास पसरत पसरत तिच्या दारापर्यंत आली. कोंडाबाईने सवयीने तीही उकरली. चार-दोन वर्षांचे धडे चौफेर उधळले. साळिंदराने ते पाहिलं आणि त्याचे काटे उभे राहिले. लगेच सभा भरली.

"सायेब, पाला हाय त्यो," कोंडाबाई म्हणाली. "पेटतोय."

"तो पाला नाही, बाई," साळिंदर म्हणाला. "तो अनुभव आहे."

गव्याने मधला मार्ग काढला. उकरणं वाईट नाही, धड्यांमध्येही तेच लिहिलंय, असं तो म्हणाला. पण अशिक्षित पायांनी उकरू नये. कोंडाबाईने पाच दिवसांच्या उकरण-वर्गाला बसावं, प्रमाणपत्र घ्यावं आणि मग खुशाल उकरावं. तोपर्यंत पाय आवरावेत.

वर्ग बगळा घेई. बगळ्याने आयुष्यात पाला उकरला नव्हता, पण तो एका पायावर न हलता अर्धा दिवस बोलू शके. पहिल्या दिवशी पाल्याची व्याख्या झाली. दुसऱ्या दिवशी उकरण्याचा इतिहास. तिसरा आणि चौथा दिवस, आधी उजवा पाय की डावा, या चर्चेत गेले. अंडी गार पडतील म्हणून कोंडाबाई मधल्या सुट्टीत धावत घरी जाई. घरट्याभोवती पाला रोज वाढलेला दिसे. पाय वळवळत, पण हात जोडून कबूल केलेलं, म्हणजे पंख जोडून. ती अंड्यांवर मुकाट बसून राही. मला तर तिच्या त्या पायांचीच फार दया येते.

पाचव्या दिवशी तिला प्रमाणपत्र मिळालं. सागाचं सुकं पान. ती ते चोचीत धरून घरी आली, खाली ठेवलं आणि उकरायला लागली. सगळ्यात आधी ते प्रमाणपत्रच उडालं, कारण सगळ्यात वर तेच होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वणवा आला. धडेघराला लागायला त्याला वेळ लागला नाही. नऊ वर्षांच्या धड्यांचा असा उजेड पडला, की आजवर कधी पडला नव्हता. सगळे पळत सुटले. जळण्यासारखं काही नाही, अशी जागा सगळ्या रानात एकच होती. गवा तिथे आला, साळिंदर आला, बगळाही आला. कोंडाबाई पंख पसरून अंड्यांवर बसली. दाटीत गव्याने अंग वळवलं आणि त्याचा एक खूर घरट्याच्या कडेला पडला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. आग उघड्या जमिनीपर्यंत आली, घुटमळली आणि वळसा घालून निघून गेली.

सकाळी तिथेच सभा भरली. ही जागा का जळली नाही, यावर अभ्यास झाला. इथली माती मुळातच थंड आहे, असं ठरलं. तेव्हा सगळे धडे आठवून पुन्हा लिहावेत, दुप्पट नकला काढाव्यात आणि नवं धडेघर याच सुरक्षित जागेवर थाटावं, असा ठराव झाला. साळिंदराने अहवाल वाचून दाखवला. त्यात जीवितहानी नव्हती.

कोंडाबाई पुढे आली. तिने चोचीतलं फुटकं कवच गव्यासमोर ठेवलं.

"हे बी लिवा," ती म्हणाली.

साळिंदराने पान उलटसुलट करून पाहिलं. "याला रकाना नाही," तो म्हणाला.

उरलेल्या पाच अंड्यांतून चार दिवसांनी पिल्लं बाहेर आली. ती चालायला लागली तसं कोंडाबाईने त्यांना ओढ्यापलीकडे नेलं. तिसऱ्या दिवशी पाचही पिल्लं पाला उकरत होती. आधी उजवा पाय की डावा, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही.

अलीकडे बगळ्याने 'कोंडाबाई पद्धत' नावाचा नवा वर्ग काढला. आणि तिच्या उघड्या जागेवरची नवी रास चैत्र यायच्या आत गव्याच्या गुडघ्याला लागली.

तात्पर्य: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे एकट्यादुकट्याचं झालं. मंडळाला ठेच लागली, तर दगडाची नीट नोंद करावी आणि तो होता तिथेच जपून ठेवावा. पुढच्या वर्षी लागतो.