सरासरी वय अठ्ठावन्न

ताईने फॉर्म मोजायला घेतले तेव्हा शुक्रवारला तीन दिवस उरले होते. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत प्रबंध जमा झाला नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. सहा वर्षं सरली होती, मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, आणि तिसरी मागायला गेलं की ऑफिसातला कारकून मान वर न करताच "नाही" म्हणायचा. विषय होता 'विद्यापीठातील विद्यार्थी माहिती कशी शोधतात'. बाकी सगळं लिहून तयार होतं. आता फक्त दोनशे विद्यार्थ्यांनी भरलेले फॉर्म मोजायचे आणि शेवटचं प्रकरण हातावेगळं करायचं.

पहिल्या फॉर्मवर वय होतं अठ्ठावन्न.

असेल एखादा हौशी, असं म्हणून तिने पान उलटलं. दुसराही अठ्ठावन्नचाच निघाला. पंधराव्या अठ्ठावन्नला तिला घाम फुटला.

ग्रंथालयात रोज किती वेळ घालवता? 'आठ तास, जेवणाची सुट्टी सोडून.' पुस्तक सापडलं नाही तर काय करता? 'पूर्वी शिडी लावून वर बघायचो, हल्ली गुडघे साथ देत नाहीत.' माहिती हवी असल्यास कुणाला विचारता? 'मलाच सगळे विचारतात.' दोनशे विद्यार्थी, दोनशे हस्ताक्षरं आणि चारशे दुखरे गुडघे. एका मुलीने तेवढं वय एकोणसाठ केलं होतं, कॉपी वाटू नये म्हणून.

उत्तरं ओळखीची होती. प्रश्न नीट समजतात का, हे बघायला तिने सगळ्यात आधी एक फॉर्म ग्रंथपालांकडून भरून घेतला होता. त्या भल्या माणसाने मनापासून भरला होता. पण तो तर तिच्या कपाटात होता.

ती तडक वर्गावर गेली आणि मॉनिटरला बाहेर बोलावलं.

"तुझं वय किती रे?"

"एकोणीस."

"मग अठ्ठावन्न का लिहिलंस?"

"चुकलं का ताई?" पोरगा घाबरला. "सोडवलेल्या सेटमध्ये तसंच होतं."

"फॉर्मचा कसला आलाय सोडवलेला सेट?"

"मॅडमनी पाच मार्क ठेवलेत ना त्याला. मार्क आहेत म्हटल्यावर मनाने कोण लिहिणार? काकांकडे मिळाला."

काका म्हणजे फाटकाजवळचे झेरॉक्सवाले. मशीनखालून जो कागद जाईल त्याची एक जास्तीची प्रत ठेवून द्यायची, ही त्यांची वीस वर्षांची सवय. तिच्यावर कित्येक पोरं पदवीधर झाली होती.

"ग्रंथपालांचा भरलेला फॉर्म तूच तर आणला होतास प्रत काढायला," काका म्हणाले. "ठेवली एक. लागली की नाही पोरांना?"

"काका, त्यात बरोबर-चूक काही नव्हतं. ज्याने त्याने स्वतःचं लिहायचं होतं."

"मग तसं वर छापायचं ना."

"छापलंय की. पहिल्याच ओळीत."

"हां, ते कोण वाचतं," काका म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

ताईला रडूच आलं. सहा वर्षं पाण्यात गेली होती, आणि आता हे मॅडमना सांगायचं होतं. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. फॉर्मचा गठ्ठा दोन दिवस त्यांच्याकडेच होता. 'प्रत्येक फॉर्म मी स्वतः बारकाईने वाचला असून उत्तरांत सुखद वैविध्य आहे' असं प्रमाणपत्रही त्यांनी विभागप्रमुखांकडे पाठवलं होतं.

"फॉर्म छान आलेत हं," मॅडम म्हणाल्या.

ताईने एक फॉर्म पुढे ठेवला. मग दुसरा. मग पाचवा. मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. वय काही बदललं नाही.

"ते प्रमाणपत्र वर गेलं का गं?"

"काल गेलं, मॅडम."

मॅडमनी पाचसहा फॉर्म टेबलावर शेजारी-शेजारी मांडले.

"वैविध्य आहे की," मॅडम शेवटी म्हणाल्या. "हस्ताक्षरं बघ ना, किती वेगवेगळी आहेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "विद्यार्थी माहिती कशी शोधतात, हाच विषय ना तुझा? मग हे दुसरं काय आहे? सगळं जसं घडलं तसं लिहून काढ. माझ्या नजरेखालून जाऊ दे, मी अक्षर न् अक्षर वाचून सही करते."

ताईने दोन दिवस मान मोडून लिहिलं. पोरं, काका, ग्रंथपालांचे गुडघे, काही सोडलं नाही. मॅडमनी पानापानावर सही केली, आणि शुक्रवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना कारकुनाने प्रबंधावर शिक्का मारला.

प्रबंधाच्या शेवटच्या पानावर रिवाजाप्रमाणे 'पुढील संशोधनास वाव' आहे. तिथे ताईने एकच ओळ लिहिली आहे : 'मार्गदर्शक समोर आलेला कागद वाचतात का, हे कुणीतरी तपासून पाहावे.'

खाली मॅडमची सही आहे, तारखेसकट.