चार कॅमेरे आणि सात नंबरचा खांब

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी बावीस वर्षं गाडी चालवतेय आणि मला गाडी मागे घेता येते. नीट येते. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच वाचणं थांबवावं, कारण माझा पारा आधीच चढलेला आहे!

आता तुम्ही म्हणाल, मग सात नंबरच्या खांबाला तीन वेळा धडक कोणी दिली? गाडीने दिली. गाडीत मी होते, हेही खरं. पण त्या तिन्ही धडका माझ्या सासऱ्यांच्या होत्या, आणि ते तर गाडीच्या बाहेर उभे होते. नीट सांगते.

माझा धंदा ऑफिसांना कुंड्या भाड्याने देण्याचा. दर सोमवारी टवटवीत झाडं न्यायची आणि आठवडाभर एसीत बसून मरगळलेली परत आणायची. माणसांची अशी अदलाबदल करता येत नाही म्हणून झाडांची करतात. यासाठी माझ्याकडे एक सतरा वर्षांची व्हॅन आहे. ती छपरापर्यंत भरली की मधल्या आरशात फक्त पानं दिसतात. माझं निम्मं काम एकाच अकरा मजली इमारतीत आहे, आणि तिथली सामानाची लिफ्ट तळघरातल्या पार्किंगच्या पार टोकाला, एका अरुंद बोळात. बोळात गाडी वळत नाही, उलटीच न्यावी लागते. आणि बोळाच्या तोंडाशी, ज्याने कोणी नकाशा काढला त्याचं भलं होवो, सात नंबरचा खांब!

म्हणून मी सासऱ्यांना सोबत न्यायचे. त्यांनी गोदीत अडतीस वर्षं क्रेनवाल्यांना खालून हाताने इशारे दिले. निवृत्त झाले तरी पांढरे हातमोजे सुटले नाहीत. ते गाडीमागे उभे राहायचे आणि मला बाजूच्या आरशात जेवढे दिसतील तेवढे दिसायचे. कधी बोट वर, कधी मूठ, कधी कोपर. तोंडाने 'ये, ये, थांब' म्हणायला काय जातं? पण नाही. आणि ऐन मोक्याच्या वेळी, खांब जवळ आला की हे काय करायचे माहीत आहे? दोन्ही हात पोटावर बांधून स्वस्थ उभे राहायचे. पोटभर जेवण झाल्यावर माणूस दारात उभा राहतो ना, तसे! मला वाटायचं, हे एवढे निवांत आहेत म्हणजे जागा भरपूर असणार. मग मी बिनधास्त मागे यायचे, आणि धाड!

तिसऱ्या धडकेनंतर इमारतीच्या व्यवस्थापकाने मला वर बोलावलं. एरवी हा माणूस माझ्याच झाडाखाली बसून डबा खातो, पण त्या दिवशी त्याने मला बसा म्हटलं नाही. चौथ्यांदा खांबाला हात लागला तर गाडीला फाटक बंद, असं छापील कागदावर लिहून दिलं. ती इमारत गेली असती तर माझ्याकडे कामाला असलेल्या दोघींपैकी एकीला घरी बसवावं लागलं असतं. दोघीही माझ्याकडे नऊ वर्षं आहेत. कोणाला बसवणार? रात्रभर नुसती कूस बदलत राहिले आणि सकाळी जाहीर केलं की गाडीला मागे कॅमेरा लावायचा.

इथे नवरा मध्ये पडला. नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते. मनात काय म्हणते ते छापता येणार नाही. तो प्रयोगशाळेत तराजू तपासायच्या कामावर आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट चार बाजूंनी तोलल्याशिवाय त्याला घास जात नाही. तो म्हणाला, कॅमेरा हा दुय्यम प्रश्न आहे, खरा प्रश्न स्टिरिओचा. आपल्या गाडीत आहे तो कॅसेटचा. त्याला पडदा नाही, मग कॅमेऱ्याचं चित्र दिसणार कुठे? तेव्हा कॅमेऱ्याची जोडणी असलेला नवा स्टिरिओ घ्यावा लागेल, आणि निवड त्याच्यावर सोपवावी.

मी सोपवली. पाच आठवडे! पाच आठवडे त्याने एक तक्ता केला. एकवीस स्टिरिओ, चौदा रकाने. पडदा किती बोटं रुंद, उन्हात दिसतो का, फोन जोडता येतो का, आवाज कुठल्या कोपऱ्यातून किती यावा. मी सांगून सांगून थकले की मला फक्त मागचं दिसायला हवं. तो म्हणायचा, आज मागचं हवंय, उद्या काय लागेल सांगता येतं का? आणि या पाच आठवड्यांत दर सोमवारी मी त्या बोळात वीतभर गाडी मागे घेत होते, खाली उतरत होते, बघत होते, पुन्हा चढत होते. सासऱ्यांकडे तर मी बघायचंच सोडलं होतं.

शेवटी स्टिरिओ आला. चार कॅमेऱ्यांच्या जोडणीचा! मी विचारलं, गाडीला मागे किती बाजू असतात? तर नवरा म्हणाला, चार जागा दिल्यात तर रिकाम्या कशाला ठेवायच्या. म्हणून त्याने कॅमेरेही चार आणले. एक पुढे, एक मागे, एक डाव्या बाजूला आणि एक आत कुंड्यांवर. कुंड्या काय पळून जाणार होत्या?

बसवणाऱ्या कारागिराने आमची गाडी बघितली आणि दातातला पाना काढून मनसोक्त हसून घेतलं. जुन्या स्टिरिओची खाच होती एकपट, नवा दुप्पट उंच. त्याने समोरचा पत्रा कापला. कापताना वाऱ्याची नळी सरकली, ती अजून सरकलेलीच आहे. आता गार वारा फक्त माझ्या डाव्या गुडघ्याला लागतो. वर त्याने सांगितलं की एरवी गाडी रिव्हर्समध्ये टाकली की मागचं चित्र आपोआप यायला हवं, पण तुमच्या मागच्या पांढऱ्या दिव्याची तारच मेली आहे, तेव्हा ते व्हायचं नाही. हाताने बटण दाबा. एक नंबर दाबला की मागचं. मी घोकून ठेवलं. एक म्हणजे मागचं.

कापलेला पत्रा आणि गार गुडघा यावरून घरी आल्यावर माझं आणि नवऱ्याचं असं वाजलं की मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्याच तावात सासऱ्यांनाही सांगून टाकलं, की बाबा, आता यंत्र आलंय, तुम्ही सोमवारी घरीच आराम करा. ते फक्त बरं म्हणाले. मग न्हाणीघरात जाऊन त्यांनी हातमोजे धुतले. बराच वेळ धूत होते. मला कसंसंच झालं, आणि कसंसं झालं याचाच पुन्हा राग आला.

पुढे काय झालं ते आता ऐका, कारण इथे माझी काहीच चूक नाही. रविवारी नवरा गाडीत जाऊन बसला. त्याला खुपत होतं ते हे, की एक नंबरला मागचं कसं? पुढचं ते पहिलं, मागचं ते दुसरं, हा साधा क्रम आहे. म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदलले. मला सांगायला आला, तर मी त्याच्याशी बोलत नव्हते, आणि मी बोलत नसले की ऐकतही नाही. मग बिचाऱ्याने तसं चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी स्टिअरिंगजवळ चिकटवली. सोमवारी सकाळी ती मी बघितली. अक्षर ओळखलं. न वाचता चार तुकडे केले आणि मागच्या एका कुंडीत खोचले. बरं, थोडीशी चूक असेल.

तळघरात पोचले तर बोळाच्या तोंडाशी सासरे उभे! पांढरे मोजे घालून. बसने येऊन माझ्या आधी पोचले होते. काच खाली करून मी म्हटलं, बाबा, कशाला आलात? ते आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. लिफ्टपाशी व्यवस्थापक. त्याच्या हातात तो छापील कागद. म्हटलं, थांबा, आता दाखवतेच सगळ्यांना. गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि रुबाबात एक नंबर दाबला.

काय चित्र आलं! स्वच्छ, रंगीत. पडद्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा खांब समोरच. आता तळघरातले सगळेच खांब त्याच रंगाचे आहेत, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. मी हळूच मागे निघाले. आणि काय आश्चर्य, मी जसजशी मागे जात होते तसतसा खांब लांब जात होता! मला नवऱ्याचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं. पाच आठवडे उगीच नाही घालवले. सासरे चित्रात कुठेच नव्हते, म्हणजे बाजूला झाले असणार. मी जरा वेग वाढवला.

स्टिरिओ मघाशीच आपोआप सुरू होऊन मोठ्याने बातम्या सांगत होता. तो बंद कसा करायचा हेही बहुधा चिठ्ठीतच होतं. त्यामुळे बाहेर कोणी ओरडत असेल तर मला ऐकू येत नव्हतं. एवढ्यात पडद्यावर फाटकावरचा पहारेकरी धावत आला आणि दोन्ही हात हलवायला लागला. मी चिडले. गाडीच्या मागे कशाला नाचतोय हा? मान वर केली. समोरच्या काचेतून तोच पहारेकरी दिसत होता. तेच दोन हात.

खरं सांगते, हे डोक्यात शिरायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ गाडी मागे जातच होती. मग मी ब्रेकवर उभीच राहिले.

उतरून मागे गेले. सासरे खांबाला पाठ लावून उभे होते. दोन्ही हात पोटावर बांधलेले, आणि गाडीचा मागचा पत्रा त्यांच्या मोज्यांना टेकलेला. ते हलले नव्हते. मला ओरडण्याशिवाय दुसरं काही सुचेना.

"बाबा, बाजूला व्हायचं ना!"

"बाजूला झालो असतो तर खांबाला लागली असती. चौथ्यांदा."

"मग हाक तरी मारायची!"

"इशारा देणारा हाक मारत नाही. खालची हाक क्रेनवाल्याला वर ऐकू येते होय?" त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "हात बांधले होते मी. हात बांधले की सगळं थांबवायचं, चाक हलवायचं नाही. अडतीस वर्षं मी हात बांधले आणि एक क्रेन हलली नाही. एक तू आहेस सूनबाई, मी हात बांधले की जोरात येतेस. चार वेळा आलीस."

मला वाटत होतं ते निवांत उभे आहेत. तिन्ही वेळा ते जिवाच्या आकांताने थांब म्हणत होते.

"मला कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं.

"तू विचारलंस कधी?"

मला रडू आलं. त्यांनी एक मोजा काढून माझ्या हातात दिला, डोळे पुसायला. ओला होता. घामाने भिजला होता. म्हणजे हा माणूस तिथे हलला नव्हता, पण घाबरला होता पुरेपूर.

नवऱ्याला फोन केला. तीन दिवसांत त्याच्याशी पहिल्यांदा बोलायचं, ते कडाडूनच बोलायचं ठरवलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, बाबा धड आहेत ना हे दोनदा विचारलं आणि मग अगदी हळू म्हणाला, "चिठ्ठी वाचली होतीस?" मी फोन ठेवून दिला.

व्यवस्थापक वाकून खांब बघत होता. पिवळ्या रंगावर नवा ओरखडा नव्हता. नियम खांबाचा होता, माणसाचा नव्हता, आणि खांबाला काही झालं नव्हतं. त्याने कागद घडी करून खिशात टाकला. गाडी येऊ दे म्हणाला, पण एका अटीवर. अट त्याने मला सांगितली नाही, सासऱ्यांना सांगितली.

म्हणून त्या तळघरात, पहारेकऱ्यासमोर आणि लिफ्टमधून उतरणाऱ्या माणसांसमोर, मी अर्धा तास क्रेनचे इशारे शिकले. एकूण अकरा. बोट वर, मूठ, कोपर, सगळे. मागे गाडीत झाडं माना टाकत होती. परीक्षा झाली, त्यात माझे आठ बरोबर आले. सासरे म्हणाले की गोदीत आठवाल्याला क्रेनच्या आसपास फिरकू दिलं नसतं, पण घरचं माणूस आहे म्हणून चालवून घेतो.

दोघी बायकांचं काम टिकलं, इमारत टिकली, स्टिरिओही आहे. पडद्यावर हल्ली मी आतला कॅमेरा लावते. कुंड्या अजून पळालेल्या नाहीत.

फाटकाचा नवा पास त्याच दिवशी झाला. 'गाडीची जबाबदारी' या रकान्यात सासऱ्यांचं नाव आहे. बावीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईसाठी त्याखाली एकच रकाना उरला होता, 'सोबतचा मदतनीस'. तिथे मी मुकाट्याने सही केली. तीसुद्धा त्यांनी बोट वर केल्यावर.